क्लाउड साठवणुकीतील कूटलेखन-किल्ल्यांचा सुरक्षित बदल : स्वरूप, क्रम आणि मर्यादा

बीजशब्द : कूटलेखन, क्लाउड साठवण, किल्लीबदल, मुख्य किल्ली, लखोटा-पद्धती, माहितीची सुरक्षितता

प्रस्तावना :

अनेक बँकांच्या शाखांमध्ये तिजोरीच्या किल्ल्यांचे दोन संच असतात. एक संच शाखेत रोजच्या वापरात असतो, तर दुसरा अन्य शाखेत सुरक्षित ठेवलेला असतो. ठराविक काळाने या दोन संचांची अदलाबदल केली जाते आणि तिची नोंद किल्ल्यांच्या नोंदवहीत सह्यांनिशी होते. गरज पडेल त्या दिवशी दुसरा संच खरोखर चालेल, याची खात्री या रीतीमुळे मिळत राहते. संगणकीय माहितीच्या साठवणुकीत 'की रोटेशन' या नावाने ओळखली जाणारी प्रक्रिया वरकरणी याच प्रकारची वाटते. ठराविक मुदतीनंतर जुनी किल्ली बाजूला ठेवून नवी वापरात आणायची, एवढाच तिचा अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो.

परंतु तिजोरी आणि कूटलेखन यांत एक मूलभूत भेद आहे. तिजोरीचे कुलूप बदलले की आतील रोकड जशीच्या तशी राहते आणि जुनी किल्ली त्या क्षणापासून निरुपयोगी ठरते. कूटलेखनात कुलूप आणि ऐवज या दोन निराळ्या वस्तू नसतात. किल्लीच्या साहाय्याने ऐवजाचेच रूपांतर झालेले असते. त्यामुळे नवी किल्ली निर्माण झाली तरी जुन्या किल्लीने कूटबद्ध केलेला मजकूर जुन्याच किल्लीने उकलतो, अन्य कोणत्याही किल्लीने उकलत नाही. हा भेद लक्षात न घेतल्याने दोन परस्परविरोधी चुका संभवतात. किल्ली बदलली म्हणजे जुनी माहितीही आपोआप सुरक्षित झाली, असे समजणे ही पहिली चूक होय. किल्ली बदलली म्हणजे जुनी किल्ली टाकून देण्यास हरकत नाही, असे समजणे ही दुसरी. पहिल्या चुकीने माहिती चोराच्या हाती राहते, तर दुसरीने ती मालकाच्याही हाती राहत नाही. या दोन्ही चुका टाळून किल्लीबदल कसा करावा लागतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

किल्ली बदलण्याची आवश्यकता :

कूटलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी हरकत नसावी, गुपित केवळ किल्लीत असावे, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले. आजची क्लाउड साठवण याच तत्त्वावर उभी आहे. बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी 'एईएस' ही पद्धत जोआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी रचली. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २००१ मध्ये तिला मान्यता दिली आणि तिचा संपूर्ण तपशील सर्वांसाठी खुला आहे. २५६ बिटांची किल्ली एकेक शक्यता तपासून शोधणे आजच्या कोणत्याही संगणकाला साधणारे नाही. मग अशी किल्ली बदलावी तरी का, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

त्याचे एक उत्तर गणिती आहे. एईएस पद्धती सामान्यतः 'जीसीएम' या रीतीने वापरली जाते. या रीतीत प्रत्येक वेळी किल्लीबरोबर ९६ बिटांची एक प्रारंभिक संख्या वापरावी लागते आणि एकाच किल्लीबरोबर ती संख्या पुन्हा कधीही येऊ नये, अशी अट असते. ती पुन्हा आली तर दोन मजकुरांमधील संबंध उघड होतो, तसेच मजकुरात कोणी फेरफार केला आहे काय हे ओळखण्याची क्षमताही नष्ट होते. संख्या यदृच्छेने निवडली जात असेल तर पुनरावृत्तीची शक्यता वापरागणिक वाढत जाते. म्हणून एका किल्लीने २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वेळांपेक्षा अधिक कूटलेखन करू नये, अशी मर्यादा निस्टने २००७ च्या आपल्या मार्गदर्शिकेत घातली आहे. सुमारे ४२९ कोटी ही संख्या एखाद्या महाविद्यालयाला अमर्याद वाटेल. मोठ्या क्लाउड सेवेत मात्र ती लवकर गाठली जाऊ शकते.

दुसरे उत्तर व्यवहाराचे आहे. किल्ल्या गणिताने क्वचितच फुटतात, त्या माणसांच्या हातून निसटतात. नोकरी सोडून गेलेला तंत्रज्ञ, आज्ञावलीत चुकून लिहिली गेलेली किल्ली, दुरुस्तीसाठी काढलेली स्मृतीची प्रत, अशा वाटांनी ती बाहेर जाते आणि बाहेर गेल्याचे अनेकदा कोणाला कळतही नाही. प्रत्येक किल्लीने थोड्याच काळातील माहिती कूटबद्ध केलेली असेल तर अशा गळतीची हानी तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित राहते. शिवाय ज्या संस्थेने शांततेच्या काळात किल्ली कधी बदललेली नाही, तिला संकटाच्या रात्री ती बदलता येईल असे मानणे धाडसाचे ठरेल. नियमित बदलाचे हे सरावमूल्य सहसा दुर्लक्षित राहते. वस्तुतः तेच सर्वांत मोठे असावे.

निस्टच्या किल्ली-व्यवस्थापनविषयक मार्गदर्शिकेत (सुधारित आवृत्ती, २०२०) प्रत्येक किल्लीचे दोन कालावधी मानले आहेत. एक कूटलेखनासाठी वापरण्याचा, दुसरा उकल करण्यासाठी वापरण्याचा. माहिती कूटबद्ध करणाऱ्या समान-किल्लीसाठी पहिला कालावधी दोन वर्षांपर्यंत, तर दुसरा पहिल्याच्या समाप्तीनंतर आणखी तीन वर्षांपर्यंत असावा, अशी शिफारस तेथे आहे. 'लिहिणे थांबले, वाचणे चालू आहे' अशी एक मधली अवस्था किल्लीच्या आयुष्यात असते, हे या दुहेरी मोजणीतून स्पष्ट होते.

लखोट्याची पद्धत :

क्लाउडमध्ये साठवलेली माहिती एकाच किल्लीने कूटबद्ध केलेली नसते. प्रत्येक फाइलसाठी, किंवा तिच्या प्रत्येक भागासाठी, एक स्वतंत्र किल्ली निर्माण केली जाते. सोयीसाठी तिला 'माहिती-किल्ली' म्हणता येईल. ही माहिती-किल्ली दुसऱ्या एका 'मुख्य किल्ली'ने कूटबद्ध करून त्या फाइलच्या शेजारीच ठेवली जाते. परीक्षा विभागातील कपाटाची किल्ली लखोट्यात घालून, लाखबंद करून कपाटाशेजारीच ठेवावी, आणि लाख फोडण्याचा अधिकार मात्र एकाच अधिकाऱ्याकडे असावा, असा हा प्रकार आहे. मुख्य किल्ली ही 'हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल' नावाच्या विशेष यंत्रात राहते आणि तेथून मूळ रूपात बाहेर येत नाही. लखोटा यंत्राकडे जातो, उघडून परत येतो, आणि प्रत्येक वेळची नोंद होते.

या रचनेचा लाभ आकडेमोडीने चटकन ध्यानात येईल. समजा, एखाद्या ग्रंथालयाने जुन्या हस्तलिखितांची १० लाख पृष्ठे प्रत्येकी सुमारे २ मेगाबाइट याप्रमाणे क्लाउडमध्ये ठेवली आहेत. एकूण माहिती २ टेराबाइट होईल. प्रत्येक पृष्ठाची माहिती-किल्ली ३२ बाइटांची, तिच्यासोबत १२ बाइटांची प्रारंभिक संख्या आणि १६ बाइटांची खूण धरली, तर एक लखोटा ६० बाइटांचा होतो आणि सर्व लखोटे मिळून ६० मेगाबाइट. मुख्य किल्ली बदलायची असेल तर २ टेराबाइट माहितीला हात न लावता केवळ हे ६० मेगाबाइट नव्याने लाखबंद करावे लागतात.

तीन निराळ्या क्रिया, एकच नाव :

'किल्ली बदलली' या एका वाक्याखाली व्यवहारात तीन भिन्न क्रिया वावरतात, आणि बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे.

पहिली क्रिया म्हणजे आवृत्तीबदल. मुख्य किल्लीची नवी आवृत्ती तयार होते, यापुढील लखोटे तिने बंद होतात आणि जुने लखोटे जुन्याच आवृत्तीने उघडत राहतात. अ‍ॅमेझॉनच्या किल्ली-व्यवस्थापन सेवेतील स्वयंचलित बदल याच प्रकारचा आहे. त्याची मुदत मुळात एक वर्षाची होती. २०२४ पासून ती ९० ते २,५६० दिवसांच्या दरम्यान ठरविता येते. या बदलाने आधी साठवलेली माहिती पुन्हा कूटबद्ध होत नाही आणि उघड झालेल्या माहिती-किल्लीवर तो उपाय नाही, असे त्या सेवेच्या माहितीपत्रातच नमूद आहे. गूगलच्या सेवेतही नवी आवृत्ती आल्याने जुनी आपोआप बंद होत नाही.

दुसरी क्रिया लखोटाबदलाची. जुन्या मुख्य किल्लीने सर्व लखोटे उघडून ते नव्या मुख्य किल्लीने बंद केले जातात. आतील माहिती-किल्ल्या त्याच राहतात. हे झाल्यावरच जुन्या मुख्य किल्लीची गरज संपते.

तिसरी क्रिया पूर्ण पुनर्कूटलेखनाची आहे. तीत माहिती-किल्ल्याही नव्या निर्माण होतात आणि सगळी माहिती वाचून, उकलून पुन्हा लिहिली जाते. वरील उदाहरणात ६० मेगाबाइटऐवजी २ टेराबाइटचा प्रवास करावा लागतो. वेळ आणि खर्च या दोन्ही दृष्टींनी ही क्रिया जड आहे.

यांपैकी कोणती क्रिया करावी हे कारणावर अवलंबून असते. मुदत संपली एवढेच कारण असेल तर पहिली पुरेशी होते. जुनी मुख्य किल्ली निवृत्त करावयाची असेल तर दुसरी लागते. मात्र मुख्य किल्ली वापरण्याचा अधिकार परक्याच्या हाती गेल्याचा संशय असेल, तर पहिल्या दोन्ही क्रिया निष्फळ ठरतात. कारण त्या परक्याने दरम्यानच्या काळात लखोटे उघडून माहिती-किल्ल्या टिपून घेतल्या असण्याचा संभव असतो. कपाटाची किल्ली एकदा साच्यात दाबून घेतली की लखोट्यावर नवी लाख लावून उपयोग नाही. तेथे तिसऱ्या क्रियेला पर्याय नाही. आणि ज्या कूटबद्ध फाइलींच्या प्रती परक्याने आधीच नेल्या आहेत, त्यांचे रक्षण ही तिसरी क्रियाही करू शकत नाही. लेखापरीक्षणाच्या प्रश्नावलीतील 'वर्षातून एकदा किल्ली बदलली जाते काय?' हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. त्याला 'होय' असे प्रामाणिक उत्तर देणाऱ्या संस्थेने तिन्हींपैकी नेमके काय केले, हे त्यातून कळत नाही.

सुरक्षित बदलाचा क्रम :

क्लाउड सेवेत एकच माहिती अनेक यंत्रे एकाच वेळी वाचत व लिहीत असतात, आणि सर्वांना नवी किल्ली एकाच क्षणी मिळत नाही. काही यंत्रे वेग वाढावा म्हणून किल्ली काही काळ स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवतात. अशा स्थितीत एखाद्या यंत्राने नव्या किल्लीने लिहावयास प्रारंभ केला आणि दुसऱ्याला ती अद्याप मिळालेलीच नसेल, तर दुसऱ्याच्या दृष्टीने ती फाइल वाचण्यायोग्य राहत नाही. म्हणून नवी किल्ली प्रथम केवळ वाचण्यासाठी सर्वत्र पोहोचवावी लागते. ती सर्वत्र पोहोचल्याची खात्री झाल्यावरच लिहिण्याचे काम तिच्याकडे सोपवावयाचे. जुनी किल्ली या काळात वाचण्यासाठी शिल्लक राहते. प्रत्येक कूटमजकुराच्या आरंभी तो कोणत्या आवृत्तीने लिहिला आहे, हे सांगणारा क्रमांक असणे यासाठी अत्यावश्यक आहे. अन्यथा उकल करताना एकेक किल्ली लावून पाहण्याची पाळी येते.

यानंतर लखोटाबदल किंवा पुनर्कूटलेखन पार्श्वभूमीवर सावकाश चालते, आणि येथे एक सूक्ष्म धोका असतो. पुनर्कूटलेखन करणाऱ्या आज्ञावलीने एक फाइल वाचली. ती पुन्हा लिहिण्यापूर्वीच एखाद्या वापरकर्त्याने त्या फाइलीत दुरुस्ती करून ती साठवली. त्यानंतर आज्ञावलीने आपली प्रत लिहिली. परिणामी, वापरकर्त्याची दुरुस्ती कोणताही इशारा न येता पुसली गेली. यावर उपाय म्हणून 'मी वाचली तेव्हा जी आवृत्ती होती, तीच अजून असेल तरच लिहा' अशी अट साठवणुकीवर घालावी लागते. अट पूर्ण न झाल्यास ती फाइल नव्याने वाचावी. काम मध्येच खंडित झाले तर ते पुन्हा पहिल्यापासून चालविले तरी हानी होणार नाही, अशीच त्याची रचना असावी.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. अनेक क्लाउड साठवणुकींत फाइलीच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय असते. ही सोय चालू असेल तर पुन्हा लिहिलेली फाइल जुन्या फाइलीची जागा घेत नाही. ती नवी आवृत्ती म्हणून वर बसते आणि जुनी, जुन्या किल्लीने बांधलेली, खाली तशीच राहते. काम पूर्ण झाल्याचा अहवाल येतो, तो शब्दशः खराही असतो, तरीही जुन्या किल्लीवर अवलंबून असलेली माहिती शिल्लक असते.

दोन घटना :

किल्ली वेळेआधी काढणे आणि किल्ली वेळेवर न काढणे या दोन्ही चुकांची उदाहरणे एकाच कंपनीच्या इतिहासात सापडतात. दोन्ही उदाहरणे कूटलेखनाच्या नव्हे, तर डिजिटल स्वाक्षरीच्या किल्ल्यांची आहेत. परंतु किल्लीबदलाच्या दृष्टीने ती बोलकी आहेत.

१५ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टच्या ओळख-पडताळणी सेवेत बिघाड होऊन जगभरातील वापरकर्त्यांना कित्येक तास टीम्स, ऑफिस आदी सेवांमध्ये प्रवेश मिळेना. वापरात नसलेल्या किल्ल्या ठराविक वेळी काढून टाकणारी एक स्वयंचलित व्यवस्था तेथे होती. एका स्थलांतराच्या कामासाठी एक किल्ली 'राखून ठेवावी' अशी खूण केलेली होती. व्यवस्थेतील दोषामुळे ती खूण दुर्लक्षिली गेली आणि किल्ली काढली गेली. किल्ली काढताच तिने केलेल्या स्वाक्षऱ्यांवर विसंबून असलेली प्रवेशपत्रे अमान्य ठरली.

दुसरी घटना २०२३ ची आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये निर्माण केलेली एक स्वाक्षरी-किल्ली हस्तगत करून चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका गटाने बनावट प्रवेशपत्रे तयार केली आणि २२ संस्थांमधील ५०० हून अधिक व्यक्तींची ई-पत्रे वाचली. अमेरिकेच्या एकट्या परराष्ट्र खात्यातून सुमारे ६०,००० ई-पत्रे नेली गेली. अमेरिकन शासनाच्या सायबर सुरक्षा पुनरावलोकन मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ही किल्ली मार्च २०२१ मध्येच निवृत्त व्हावयाची होती. या प्रकारच्या किल्ल्या हाताने बदलल्या जात होत्या. तशा एका बदलामुळे २०२१ मध्ये मोठा बिघाड झाल्यानंतर कंपनीने हाताने बदलण्याचे काम थांबविले. स्वयंचलित बदलाची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही आणि किल्ली फार जुनी झाल्याचा इशारा देणारी सोयही नव्हती. बदल धोक्याचा ठरला म्हणून बदलच थांबला, आणि त्या थांबण्यातून अधिक मोठा धोका उद्भवला.

स्वाक्षरी आणि कूटलेखन यांतील भेद येथे सांगणे अगत्याचे आहे. स्वाक्षरीची जुनी किल्ली तिची प्रवेशपत्रे संपताच कोणीही मान्य करता कामा नये. कूटलेखनाची जुनी किल्ली मात्र तिने लिहिलेले शेवटचे अक्षर असेपर्यंत जपावी लागते. दोन्हींना एकच नियम लावणारे धोरण कोठे तरी चुकणारच.

जुन्या किल्लीचा शेवट :

जुनी किल्ली नष्ट करणे ही संपूर्ण प्रक्रियेतील एकमेव अपरिवर्तनीय पायरी आहे. मुख्य किल्ली नष्ट झाली की तिने बंद केलेले लखोटे आणि त्यांमागील माहिती सेवा पुरविणाऱ्या कंपनीलाही परत मिळविता येत नाही. याचा उपयोग कधी कधी हेतुपुरस्सर केला जातो. माहिती कायमची पुसावयाची असेल तर असंख्य प्रती शोधण्याऐवजी तिची किल्ली नष्ट करणे सोयीचे पडते. पण अनवधानाने झालेल्या नाशावर इलाज नाही. म्हणूनच क्लाउड कंपन्यांनी नाशाची आज्ञा आणि प्रत्यक्ष नाश यांमध्ये सक्तीचा प्रतीक्षाकाळ ठेवला आहे. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत तो ७ ते ३० दिवसांचा असतो. गूगलकडे मुळात ३० दिवस ठेवलेला असतो, तर मायक्रोसॉफ्टच्या की व्हॉल्टमध्ये ७ ते ९० दिवसांपर्यंत ठरविता येतो.

हा काळ पुरेसा आहे असे मात्र मानता येत नाही. वर्षातून एकदाच, परीक्षेनंतर किंवा लेखापरीक्षणाच्या वेळी उघडली जाणारी माहिती तीस दिवसांत कोणी मागेलच असे नाही. त्यामुळे नाशाची आज्ञा देण्यापूर्वी किल्ली केवळ 'अक्षम' करून ठेवावी आणि संस्थेच्या कामकाजाचे एक पूर्ण आवर्तन जाऊ द्यावे, हे अधिक शहाणपणाचे. अक्षम किल्ली पुन्हा चालू करता येते. या काळात तिच्याकडे येणारी प्रत्येक अयशस्वी विनंती म्हणजे विसरलेल्या एखाद्या माहितीचा पत्ताच होय.

सर्वाधिक विसर पडतो तो राखीव प्रतींचा. पाच वर्षांपूर्वीची राखीव प्रत पाच वर्षांपूर्वीच्या किल्लीनेच उघडते, आणि लखोटाबदल करणारी आज्ञावली चालू साठवणुकीवर फिरते, बाजूला काढून ठेवलेल्या प्रतींवर नाही.

शैक्षणिक संस्थांच्या संदर्भात :

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत माहिती केंद्रे सुरू केल्यापासून महाराष्ट्रातील संस्थांची माहिती राज्यातच क्लाउडवर ठेवणे शक्य झाले आहे. प्रवेशअर्ज, गुणपत्रके, जातप्रमाणपत्रांच्या प्रती, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँकखात्यांचे तपशील अशी माहिती महाविद्यालये बाळगतात. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत सुरक्षा-उपायांमध्ये कूटलेखनाचा उल्लेख आहे.

लहान महाविद्यालयाने स्वतःची मुख्य किल्ली स्वतः सांभाळण्याचा अट्टहास करावा काय, हा प्रश्न विचारार्ह आहे. सेवा पुरविणाऱ्या कंपनीनेच किल्ली सांभाळली तर चोरीस गेलेल्या डिस्कपासून संरक्षण मिळते, बदलही बिनबोभाट होतो. मात्र ज्याच्या हाती महाविद्यालयाच्या खात्याचा परवलीचा शब्द लागला, त्याला ती किल्ली अडवीत नाही. स्वतःची किल्ली असल्यास नियंत्रण वाढते, पण ती हरवण्याची जबाबदारीही येते. संगणक विभागात एकच जाणकार असलेल्या आणि तोही तासिका तत्त्वावर असलेल्या संस्थेसाठी पहिला पर्याय अधिक सुरक्षित मानावा लागेल.

जेथे स्वतःची किल्ली ठेवणे भाग आहे, तेथे जिल्हा कोषागारातील दुहेरी कुलपाची रीत उपयुक्त ठरते. कोषागाराची सुरक्षित खोली दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. त्याच न्यायाने किल्ली नष्ट करण्याची आज्ञा देणारी व्यक्ती एक आणि ती मंजूर करणारी दुसरी असावी, असे अधिकार क्लाउड सेवेत विभागून देता येतात. मंजुरी देणाऱ्याने केवळ यादी पाहून सही करू नये. सर्वांत जुनी राखीव प्रत एका रिकाम्या यंत्रावर उतरवावी, जुनी किल्ली अक्षम असताना ती उघडून पाहावी, आणि त्यातील एखाद्या विद्यार्थ्याचे गुणपत्रक मूळ नोंदवहीशी ताडून घ्यावे. ते उघडले नाही तर किल्ली पुन्हा चालू करून त्या प्रतीचा लखोटा आधी बदलून घ्यावा लागतो.